छोटं विमान की मोटरसायकल: जास्त धोका कशात?

ऐरोलीकर: भाचा वैमानिक प्रशिक्षणाला निघालाय. आज तो रोज ठाणे-बेलापूर रोडने बाइकवर जातो, पण ताईला भीती विमानाचीच. आकडे काय सांगतात?

कॉकपिट_ठाणे: अमेरिकेचे आकडे घ्या. तिथे छोट्या विमानांना १ लाख उड्डाण-तासांमागे साधारण १ जीवघेणा अपघात होतो. बाइकवर १० कोटी मैलांमागे २५-३० मृत्यू. ताशी ३५ मैल धरले तर १ लाख तासांत ३५ लाख मैल, म्हणजे जवळपास १ मृत्यू. तासाच्या हिशोबात दोन्ही सारखेच! शिक्षकासोबतचं उड्डाण मात्र खासगी हौशी उड्डाणापेक्षा सुरक्षित.

घोडबंदर_रायडर: बाइकवर दुसऱ्याची चूक अंगावर येते. वळणारा कंटेनर, डावीकडून घुसणारी रिक्षा, पाण्याखालचा खड्डा. पावसात पांढऱ्या पट्ट्यांवर ब्रेक दाबू नका. आयएसआय हेल्मेटचा पट्टा लावलाच पाहिजे, आणि एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेलीच बाइक घ्या.

कॉकपिट_ठाणे: विमानात बहुतेक निर्णय वैमानिकाच्याच हातात असतात, म्हणून धोका कमी करता येतो. उड्डाणाआधी टाकीत काडी घालून इंधन मोजायचं, काट्यावर विसंबायचं नाही. तळातून थोडं इंधन काढून पाणी उतरलंय का बघायचं. धावपट्टीकडच्या शेवटच्या वळणात वेग पडला आणि नाक वर ओढलं की स्टॉल होतो, म्हणजे पंख विमानाला पुरेसं उचलून धरू शकत नाहीत. तेवढ्या उंचीवर सावरायला जागा नसते. ढगात शिरायची वेळ आली तर आधीच परत फिरायचं.

ऐरोलीकर: ताईला हेच वाचून दाखवतो. हेल्मेट आजच बघतो.