शिकारीसाठी कापलेली ली-एनफिल्ड मूळ रूपात आणायची आहे

अमेरिकेत १९१७ची एसएमएलई मार्क ३* (ली-एनफिल्ड या ब्रिटिश लष्करी रायफलीचा एक प्रकार) मिळतेय, पुढचं लाकूड कापलेलं. घ्यावी का?

> आधी नळी मोजा. २५.२ इंच हवी. आखूड केली असेल तर नाद सोडा, नोजकॅप (नळीच्या टोकाशी बसणारं धातूचं टोपण) जागेवर बसणारच नाही. पूर्ण असेल तर पुढचं लाकूड, हँडगार्ड (नळीवरचं लाकडी आवरण), नोजकॅप, आतला बँड (लाकडाच्या आत नळीभोवती बसणारं कडं) आणि स्टड-स्प्रिंग (नळीला खालून वर रेटणारी) शोधा.

> लाकूड नुसतं स्क्रूने आवळू नका! मागच्या, धक्का झेलणाऱ्या कडा दोन्ही बाजूंनी सारख्या टेकायला हव्यात. फट राहिली की गोळीच्या झटक्याने लाकूड मागून चिरतं. कोचवुड या ऑस्ट्रेलियन लाकडाला तिथे तांब्याच्या पट्ट्या असतात, त्या तपासा.

> किंग स्क्रूची (ट्रिगर गार्डच्या पुढच्या मुख्य स्क्रूची) कॉलरही, म्हणजे त्याभोवतीची धातूची नळकांडीही बघा. नसली तर आवळताना लाकूड दबतं. आणि सँडपेपर अजिबात नको, लाकडावरचे जुने शिक्के पुसले जातात. कच्चं जवसाचं तेल पुरे.