सोलापूरहून लडाखला भूजलाच्या फील्डवर्कला जायचंय, बसाल्टवर शिकलेलं तिकडं चालतं का?

भीमाकाठ:
नमस्कार मंडळी. मी सोलापूरचा, एमएससी जिऑलॉजीचं शेवटचं वर्ष चालू आहे. आमच्या सरांच्या ओळखीतून लडाखमधल्या एका भूजलाच्या प्रोजेक्टवर फील्ड असिस्टंट म्हणून जायची संधी आलीये, जून ते सप्टेंबर. लेहच्या आसपासच्या गावांतले झरे, नाले, बोअर यांचे नमुने घ्यायचे, नाल्याचा प्रवाह मोजायचा आणि थोडं रेझिस्टिव्हिटीचं काम (जमिनीत वीज सोडून तिला किती रोध होतो त्यावरून खालचे थर ओळखायचे). जायची इच्छा लय आहे पण डोक्यात प्रश्नपण तेवढेच आहेत.

आजवर मी फक्त बसाल्ट बघितलाय. वर काळी माती, खाली मुरूम, मग मांजऱ्या म्हणजे भोकाभोकांचा मऊ खडक, मग काळा पाषाण, मधे कुठं तरी तांबडा गेरूचा थर, आमचं सगळं शिक्षण याच्यावरच झालंय. तिकडं ग्रॅनाईट, वाळू, गोटे, बर्फ. तिथं भूजल असतं तरी कुठं? आणि डोंगरावर बर्फ दिसत असताना गावात पाण्याची टंचाई कशी काय होते हे मला वाचून पण नीट कळलं नाही.

दुसरं असं की वडील म्हणलालेत, आपल्याच नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतंय, उन्हाळ्यात बोअर आटतेत, हे सोडून तू लडाखचं पाणी मोजायला कशाला चाललास. मला त्यांना नीट उत्तर द्यायचंय, नुसतं करिअर करिअर म्हणून नाही. कुणी तिकडं काम केलं असेल तर सविस्तर सांगा, प्लीज.

हिमपाणी:
मी मूळची अक्कलकोटची, हायड्रोजिऑलॉजीत आहे आणि लेह भागात फील्ड केलंय, म्हणून जरा लांबलचक लिहिते.

आधी टंचाईचं. लेह साधारण ३५०० मीटरवर आहे आणि तिथं वर्षाला जेमतेम १०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस-बर्फ मिळून पडतं. आपलं सोलापूर दुष्काळी म्हणतो आपण, तरी इथं ५०० च्या वर पडतो. म्हणजे लेहच्या शेतात आभाळातून पडणाऱ्या पाण्यावर काहीच पिकत नाही, सगळं वरून वितळून येणाऱ्या पाण्यावर. आता लेहच्या मागच्या रांगेतल्या छोट्या हिमनद्या पाच हजार मीटरच्या वर आहेत, तिथं खरं वितळणं सुरू होतं जूनमध्ये. आणि जवाची पेरणी असते एप्रिल-मेमध्ये, वर्षातलं एकच पीक, उशीर झाला तर थंडीच्या आत पिकत नाही. त्यामुळे वर्षभराचा हिशोब केला तर पाणी आहे, पण पेरणीच्या वेळेला नाही. तुझ्या टंचाईच्या प्रश्नाचं उत्तर हेच, टंचाई महिन्यांची आहे.

याच्यावर तिथल्याच एका इंजिनिअरनी, चेवांग नॉर्फेल यांनी, १९८७ पासून काम केलं. हिवाळ्यात नाल्यातून वाया जाणारं पाणी सावलीच्या उतारावर वळवायचं, दगडाचे बुटके बांध घालून वेग कमी करायचा, ते थरावर थर गोठत जातं. ही जागा खऱ्या हिमनदीपेक्षा बरीच खाली असते म्हणून पेरणीच्या वेळेला आधी हे वितळतं. २०१५ ला त्यांना पद्मश्री मिळाली. पुढं २०१३-१४ च्या हिवाळ्यात सोनम वांगचुक यांनी तेच पाणी पाइपातून वरच्या बाजूनं आणून नुसत्या उताराच्या दाबावर कारंज्यासारखं उडवून शंकूच्या आकारात गोठवलं, तो बर्फाचा स्तूप. शंकूला ऊन लागणारा पृष्ठभाग कमी, म्हणून हळू वितळतो. आपल्या लोकांना हे फोटोतनं माहीत असतं, पण त्याच्यामागचं गणित पेरणीच्या तारखेचं आहे.

आता भूजल. लेह गाव ज्याच्यावर वसलंय तो गाळ-गोट्यांचा पंखा आहे, डोंगराच्या तोंडाशी हाताचा पंजा उघडावा तसा सिंधूकडं पसरलेला. हिमनद्यांनी आणि नाल्यांनी आणून टाकलेले गोटे, वाळू, मधेमधे बारीक गाळ. पाणी याच्यात. आपल्या बसाल्टमध्ये पाणी भेगांत आणि मांजऱ्यात, त्यामुळे एका शेतात बोअर लागतं आणि बांधाच्या पलीकडं कोरडं. तिकडं पाणी रिकाम्या जागांतून पसरून राहतं, साठा चांगला, पण चिंता वेगळी आहे. पर्यटन वाढलं, हॉटेलं वाढली, फ्लशचे संडास आले. पूर्वी घरोघरी कोरडे संडास असायचे, त्याचं खत शेतात जायचं. आता शोषखड्डे त्याच गोट्यांच्या जमिनीत, जिच्यातून बोअर पाणी ओढतं, आणि गोट्यांची जमीन मैला गाळत बसत नाही, पटकन खाली सोडते. त्यामुळे पाण्यात मैल्यातून उतरणारं नायट्रेट तपासणं हा तिथल्या कामाचा मोठा भाग असतो. सिंधू नदी गावापेक्षा बरीच खाली वाहते, तिच्या काठचं पाणी टप्प्याटप्प्यानं पंप करून वर चढवावं लागतं, खर्च विचार.

आणि वडिलांना काय सांगायचं ते सांगते. लडाखच्या कामात मुख्य प्रश्न असा असतो की हे पाणी पडलं कुठं आणि कधी. ते ऑक्सिजन-१८ आणि ड्युटेरियम या आयसोटोपवरून कळतं, म्हणजे पाण्यातल्याच ऑक्सिजन आणि हायड्रोजनचे जड प्रकार. जितक्या उंचावर पडलेलं तितकं त्यात जड ऑक्सिजन कमी, म्हणून झऱ्याच्या पाण्यावरून ते साधारण किती उंचीवर मुरलंय ते काढता येतं. हिवाळ्यात पश्चिमेकडून येणाऱ्या वाऱ्यांनी आणलेला बर्फ आणि उन्हाळ्यातला मान्सूनचा पाऊस यांची खूण वेगळी असते. ट्रिटियम या हायड्रोजनच्या किरणोत्सारी प्रकारावरून पाणी ताजं की जुनं ते कळतं, त्याचं अर्धायुष्य १२.३ वर्षं, म्हणजे तेवढ्या काळात ते निम्मं उरतं. हाच प्रश्न सोलापूरला लावून बघ. आपण पितो ते उजनीचं पाणी पडलं कुठं? पुण्याच्या बाजूला सह्याद्रीत. सोलापुरात थेंब नाही पडला तरी उजनी भरते आणि सोलापुरात बरा पाऊस होऊनही घाटात कमी झाला की धरण तळाला जातं. ११७ टीएमसीचं धरण, त्यातला जवळपास ६३ मृत साठा. लेहसारखंच आपणपण दुसरीकडं पडलेलं पाणी पितो. ज्या पोराला हा प्रश्न विचारायची सवय लागली तो परत आल्यावर इथल्या बोअरकडं वेगळ्या नजरेनं बघेल.

मंगळवेढेकर:
ताई, लय भारी लिहिलंत. मी शेतकरी, जिऑलॉजीतलं कळत नाही पण लेहला एकदा फिरायला गेलो होतो तेव्हा गाईडनं एका गावात पाण्याची पाळी कशी ठरते ते दाखवलं होतं. त्यांच्यात गाव एक माणूस नेमतं, चुरपोन म्हणतेत, आपल्या पाटकऱ्यासारखाच. कुणाच्या शेताला आधी पाणी आणि किती वेळ हे तो ठरवतो. रात्रीचं येणारं पाणी छोट्या तळ्यात, झिंग म्हणतेत त्याला, साठवतेत आणि सकाळी सोडतेत. नाल्याला रात्री-सकाळी पाणी कमी न दुपारनंतर जास्त. मला याचं लय वाटलं कारण आमच्याकडं ज्वारी ही सगळी जमिनीतल्या ओलीवर येते, पाऊस एकदा पडून गेला की पुढं माती जेवढी ओल धरेल तेवढंच पीक, आणि बोअर कुणी किती खोल मारायचं याला कुणी विचारणाराच नाही. शेजाऱ्यानं ५०० फूट मारलं की आपण ७०० फूट. तिकडं नाल्याचं पाणी सगळ्यांच्या डोळ्यासमोर वाहतंय म्हणून नियम टिकलाय. आपलं पाणी जमिनीखाली, दिसत नाही.

तर भीमाकाठ भावा, वडिलांना सांग की पोरगं नुसते दगड मोजायला चाललं नाही. ते पाणी कसं वाटून घेतेत तेपण बघून ये. आमच्यासारख्याला त्याचा जास्त उपयोग.

निवृत्त मास्तर:
वरच्या दोन्ही प्रतिक्रिया उत्तम. मी आयुष्यभर कॉलेजात भूशास्त्र शिकवलं, त्यामुळे खडकाची बाजू सांगितल्याशिवाय राहवत नाही.

बाळ, तू बसाल्टवर शिकलास म्हणून तिकडं परका ठरत नाहीस. दक्खनचा लाव्हा वाहिला साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी. लेहच्या उत्तरेला जी ग्रॅनाईटची रांग आहे, लडाख बॅथोलिथ, तिचा मोठा भाग ढोबळमानाने त्याच सुमारास जमिनीखाली थिजत होता. इकडं तुझ्या पायाखालचा दगड थरांनी साचत होता तेव्हा भारताचा तुकडा उत्तरेकडं सरकत होता आणि त्याच्यापुढचा समुद्रतळ आशियाखाली जात होता, त्या घडामोडीत तयार झालेल्या शिलारसातून तो ग्रॅनाईट. मग ५ कोटी वर्षांच्या आसपास टक्कर झाली आणि मधला समुद्र मिटला. लेहजवळ सिंधू ज्या पट्ट्यातून वाहते तो त्या मिटलेल्या समुद्राचा सांधा. तिथून पूर्वेला निदारकडं गेलास तर समुद्रतळाचा खडक, ओफिओलाईट, प्रत्यक्ष हात लावून बघता येतो, आणि त्यात पिलो बसाल्ट, म्हणजे पाण्याखाली उशांसारखा थिजलेला लाव्हा, दिसला की तू लगेच ओळखशील.

जमलं तर पुगा खोरं बघ. ४४०० मीटरच्या आसपास आहे, जमिनीतून उकळतं पाणी आणि वाफ येते, टाकणखार आणि गंधक साचलेलं. तिथं पाणी १०० अंशाच्या बरंच आधी उकळतं कारण हवेचा दाब कमी. जीएसआयने, म्हणजे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने, १९७० च्या दशकात तिथं बोअर घेतले आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये ओएनजीसीशी भूऔष्णिक विजेचा करार झाला. भूजल म्हणजे फक्त पिण्याचं आणि शेतीचं नसतं हे तिथं उभं राहिल्यावर समजतं.

आणि लेहमध्ये फर्डिनंड स्टोलिझ्का या भूशास्त्रज्ञाचं स्मारक आहे ते बघून ये. १८६२ ला कलकत्त्याला जीएसआयमध्ये आला, स्पिती आणि लडाखचे खडक आणि जीवाश्म त्यानं पायी फिरून अभ्यासले. स्पितीच्या काळ्या शेल खडकातले अमोनाईट, म्हणजे गुंडाळलेल्या शंखाचे जुने समुद्री जीव, आपल्याकडं वेगळ्या कारणानं ओळखीचे आहेत, पंढरपूरच्या घराघरात पूजेला असणारा शाळिग्राम हा तसलाच जीव, नेपाळातल्या गंडकीच्या पात्रात मिळतो. स्टोलिझ्का १८७४ मध्ये यारकंदहून परतताना लडाखच्या उंच भागात आजारी पडून गेला, वय अवघं ३६. त्यामुळे उंचीला हलक्यात घेऊ नकोस.

भीमाकाठ:
सर, ताई, काका, काय बोलू, हे सगळं वडिलांना मोठ्यानं वाचून दाखवलं, मंगळवेढेकर काकांचं दोनदा वाचायला लावलं. आता तांत्रिक विचारतो. आम्ही इथं रेझिस्टिव्हिटी करताना ओला मांजऱ्या आणि पाषाण यात फरक सरळ दिसतो. तिकडं कोरडे गोटे, गोठलेली जमीन आणि ग्रॅनाईट तिन्हींचा रोध जास्तच येणार ना? मग ओळखायचं कसं? आणि खळाळत्या नाल्यात आम्ही शिकलो तसं करंट मीटर (पाण्याचा वेग मोजायचं यंत्र) धरून उभं राहता येतं का?

हिमपाणी:
बरोबर ठिकाणी बोट ठेवलंस. नुसत्या आकड्यावर निकाल द्यायचा नाही. जवळच्या बोअरचा लॉग, म्हणजे खोदताना लागलेल्या थरांची नोंद, मिळव, नसेल तर दरड कापलेली जागा शोधून थर डोळ्यांनी बघ, मग ग्राफ वाच. कोरड्या गोट्यांत इलेक्ट्रोड नीट टेकत नाही, खड्ड्यात बारीक माती भरून मिठाचं पाणी ओतावं लागतं, सोबत कॅन ठेव. वरच्या उंचीवर कायम गोठलेला थर असू शकतो, तिथं तर फारच जपून अर्थ लाव.

प्रवाहासाठी उथळ खडकाळ नाल्यात मिठाचीच पद्धत. ठरावीक वजनाचं मीठ बादलीत विरघळवून वर ओतायचं आणि खाली पाणी चांगलं मिसळल्यावर ईसी मीटरनं दर काही सेकंदाला कंडक्टिव्हिटी (पाण्यातून वीज किती वाहते ते, मीठ आलं की वाढते) टिपायची, चढून उतरलेल्या रेषेखालच्या क्षेत्रफळावरून प्रवाह निघतो. आतल्या भोवऱ्यांचा इथं फायदाच होतो. पण वेळ लिहायला विसरू नको, काकांनी सांगितलं तसं सकाळचा आणि संध्याकाळचा नाला वेगळा असतो, वेळ नसलेला आकडा कामाचा नाही. आणि तंबू कधीही नाल्याच्या तोंडाशी नाही टाकायचा. ५-६ ऑगस्ट २०१० च्या रात्री लेहला ढगफुटी झाली, दोनशेच्या वर माणसं गेली, सगळा गाळ-गोट्यांचा लोंढा याच पंख्यांवरून आला होता.

सीनाथडी:
फौजेत होतो, त्या भागात पोस्टिंग झालं होतं, म्हणून दोनच गोष्टी. विमानानं गेलास तर पहिले दोन दिवस खोलीवर पडून राहायचं, फिरायचं नाही, दारू सिगारेट अजिबात नाही. डोकं दुखतंय, उलटी होतेय तरी मी तगडा आहे म्हणून वर चढणारी पोरं आडवी झालेली बघितलीत. त्रास वाढला की खाली उतरणे हाच उपाय. गोळ्या डॉक्टरला विचारूनच. दुसरं, आपल्याकडचं प्रीपेड सिम तिकडं चालत नाही, पोस्टपेड करून घे. सॅटेलाईट फोन, ड्रोन परवानगीशिवाय सोबत ठेवायचा नाही, सीमेचा भाग आहे. शेंगाचटणी न कडक भाकरी भरपूर ने, तिकडच्या हवेत टिकते.

मंगळवेढेकर:
भावा, जाण्याआधी एक कर. ताई म्हणाल्या तसं पाणी कुठं पडलंय ते कळत असेल तर माझ्या विहिरीचं आणि शेजारच्या बोअरचंपण घेऊन जा की. विहीर ४० फूट आहे, बोअर ६५० फूट. मला दहा वर्षं झाली विचार पडलाय की त्या बोअरचं पाणी आमच्याच माळावरचं मुरलेलं आहे का लांबचं कुठलं.

भीमाकाठ:
काका नक्की येतो. ताई, बाटल्या कसल्या आणि किती मोठ्या लागतील?

हिमपाणी:
छान कल्पना आहे, प्रोजेक्टच्या सरांना विचारून घे, मशीनवर जास्तीचे चार नमुने लावायला सहसा कुणी नाही म्हणत नाही. आयसोटोपला ५० मिलीची जाड प्लास्टिकची बाटली पुरते, दुहेरी झाकणाची. बोअरचं पाणी आधी काही वेळ सोडून द्यायचं, पाइपात साचलेलं घ्यायचं नाही. काठोकाठ भरायची, आत हवेचा बुडबुडा राहिला नाही पाहिजे, नाहीतर बाष्पीभवन होऊन आकडा बिघडतो. उन्हात ठेवायची नाही. ट्रिटियम करायचं असेल तर लिटरभर लागेल, आणि ६५० फुटी बोअरचं मी तरी ट्रिटियम करूनच बघितलं असतं. एक नमुना मे महिन्याच्या शेवटी भर आणि त्याच जागेचा एक परत आल्यावर, पाऊस झाल्यानंतर.