मदत हवी आहे: येशूला गुरू मानतो, ख्रिस्त मानण्यापाशी अडलोय

बायबलमधली मार्क आणि योहान ही दोन्ही शुभवर्तमानं (येशूच्या जीवनाची वर्णनं) सलग वाचून झाली. मत्तयातलं डोंगरावरचं प्रवचन तर मनात घर करून बसलंय. येशूला गुरू मानायला मला काहीच जड जात नाही. पण मार्कच्या ८व्या अध्यायात, फिलिप्पाच्या कैसरियाकडच्या वाटेवर, तो शिष्यांना विचारतो, तुम्ही मला कोण म्हणता? पेत्र सांगून मोकळा होतो, तू ख्रिस्त (देवाने पाठवलेला तारणारा) आहेस. मी तिथेच थांबतो. आणि तोच पेत्र लगेच पुढे, येशू आपल्या दुःखसहनाचं आणि मरणाचं बोलतो तेव्हा त्यालाच दटावतो! म्हणजे उत्तर देऊनही त्याला सगळं उमगलं नव्हतं. याने मला खरंच धीर येतो.

पाळकांशी बोललो. प्रार्थना कर म्हणाले, करतोय. पुनरुत्थान, म्हणजे येशूचं मरणातून पुन्हा उठणं, समजून घेण्यासाठी प्रेषित पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा १५वा अध्याय वाचला. त्यात पौलाने दिलेली, उठलेल्या येशूला पाहिलेल्या साक्षीदारांची यादी मला उडवून लावता येत नाही, पण पूर्ण पटलंय असंही नाही. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ सालचा, पण खुद्द ख्रिस्त त्यानंतर काही वर्षांनी गवसला असं त्यांनीच लिहून ठेवलंय. त्यामुळे घाई नाही.

घरचे हिंदू आहेत, त्यांचा विरोध नाही. धर्मांतर योग्य की अयोग्य हा वाद कृपया इथे नको.

मोठेपणी विश्वास धरलेल्यांनी सांगावं: आधी पुनरुत्थान पटलं आणि मग त्याला ख्रिस्त म्हणालात, की आधी त्याच्यावर भरवसा टाकलात आणि बाकीचं मागून उलगडत गेलं?