मदत हवी आहे : कलम ६ चा बदललेला अर्थ जुन्या निकालांना लागू होतो का?

सर्वांना सप्रेम नमस्कार. पुण्यातील आमच्या अभ्यासगटात हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम ६ वर (एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेतील हिश्शांविषयीचे कलम) चर्चा सुरू असून एका मुद्द्यावर जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

महाराष्ट्र विधिमंडळाने १९९४ मध्येच मुलींना सहदायाद (वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतःच हिस्सा असलेले वारस) मानले, मात्र २२ जून १९९४ पूर्वी विवाह झालेल्या मुलींना वगळले. संसदेच्या ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने विवाहाचा हा अडसर दूर झाला. पुढे प्रकाश विरुद्ध फुलवती खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये त्या तारखेला वडील हयात असले पाहिजेत असा अर्थ लावला, आणि विनीता शर्मा खटल्यात ११ ऑगस्ट २०२० रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो अर्थ अमान्य करून हा हक्क जन्मतःच मिळतो असे ठरवले. कलमाचे एक अक्षरही न बदलता मधल्या काळात अनेकींचा हक्क नाकारला गेला असेल, ही गोष्ट मला फार अस्वस्थ करते.

अंतिम हुकूमनामा (न्यायालयाचा वाटपाचा शेवटचा आदेश) होईपर्यंत हिस्से बदलता येतात, हे २०२० च्या निकालातून समजले. परंतु केवळ वडील आधी वारले म्हणून ज्यांचा दावा फेटाळला गेला आणि ज्यांची अपिलाची मुदतही संपली, त्यांना आज काही मार्ग आहे का? शिवाजीनगर न्यायालयात वाटपाचे दावे चालवणाऱ्या वकील मंडळींनी आपला अनुभव कृपया सविस्तर लिहावा. या विषयावरील मराठी लेखन सुचवल्यास त्याचाही उपयोग होईल.