खालची दुधाची दाढ पक्की, पण तिच्याखाली कायमचा दातच नाही. यात डुकराचा काय संबंध?

विट्याचा_बाप
नमस्कार मंडळी. लेक चौथीत आहे. सांगलीत ओपीजी, म्हणजे दोन्ही जबड्यांचा एकत्र एक्स-रे काढला. डावीकडची खालची दुसरी दुधाची दाढ घट्ट आहे, पण तिच्या खाली येणारी कायमची उपदाढ (सुळा आणि मोठ्या दाढा यांच्या मधली छोटी दाढ) एक्स-रेत दिसतच नाही. मॅडम म्हणाल्या, ही दाढ जपा. निघताना असंही म्हणाल्या, की दात कसा तयार होतो याचं बरंच संशोधन छोट्या जातीच्या डुकरांवर चाललंय. घरी आल्यापासून आईचा एकच प्रश्न: माणसाच्या दाताला डुक्कर कशाला? मलाही उत्तर देता येईना. प्रयोग तर उंदरांवर करतात ना? आणि पोरीला याचा काही उपयोग होईल का?

बालदंत_मिरज
दादा, आईंचा प्रश्न अगदी मुद्द्याचा आहे, म्हणून सविस्तर लिहिते. मी लहान मुलांच्या दातांचंच काम करते.

उंदराला जन्मभर दातांचा एकच संच असतो. जबड्याच्या प्रत्येक बाजूला एक पटाशीचा दात आणि तीन दाढा, असे एकूण १६. सुळा नाही, उपदाढ नाही, आणि पटाशीचे दात मरेपर्यंत वाढत राहतात. ज्या प्राण्याचे दुधाचे दात पडतच नाहीत, तो दुधाचा दात जाऊन कायमचा कसा येतो हे दाखवणार कसा? तुमच्या लेकीची अडचण तर नेमकी तिथेच आहे.

डुकराला आपल्यासारखेच दोन संच असतात. पटाशीचे दात, सुळे, उपदाढा, दाढा, सगळे प्रकार असतात. खाणं मिश्र असल्यामुळे दाढांचे उंचवटेही आपल्या दाढांसारखे बोथट असतात. गर्भाचा काळ साधारण ११४ दिवसांचा, त्यामुळे दाताची एकेक पायरी सावकाश पाहता येते. ४० ते ६० दिवसांच्या गर्भात दुधाच्या दाढेचा अंकुर टोपीच्या आकारातून घंटेच्या आकारात जातो आणि पुढे कठीण थर धरू लागतो.

बीजिंगच्या कॅपिटल मेडिकल युनिव्हर्सिटीतल्या गटाचं २०२० मधलं काम मला फार मोलाचं वाटतं. त्यांनी छोट्या जातीच्या डुकरांचे सुळे अभ्यासले. दुधाच्या सुळ्याशेजारी कायमच्या सुळ्याचा अंकुर आधीच असतो, पण थांबलेला. दुधाचा दात हाडाच्या आत वाढत असतो तोवर त्याचा दाब या अंकुरावर येतो. तो दात हिरडीतून वर आला की दाब सैल होतो, पेशींमधले वाढीचे संदेश बदलतात आणि थांबलेला अंकुर कामाला लागतो. शरीरातली ही वेळेची शिस्त वाचून मी त्या दिवशी दवाखान्यात भेटेल त्याला हे सांगत सुटले होते.

शिरवळ_पशुवैद्य
मॅडमनी छान लिहिलंय, माझी थोडी भर. पिल्लू जन्मतःच आठ अणकुचीदार दात घेऊन येतं. आचळाला आणि भावंडांना इजा नको म्हणून पाळणारे ते लगेच कापतात. दुधाचे दात २८, कायमचे ४४. माणसात २० आणि ३२. म्हणजे नक्कल हुबेहूब नाही. पहिल्या उपदाढेच्या आधी दुधाचा दात येत नाही, आणि नराचे सुळे वाढतच राहतात.

छोटी जात का, तर पूर्ण वाढलेलं यॉर्कशायर जातीचं मोठं डुक्कर दोनशे किलोच्या पुढे जातं. जर्मनीत १९६० च्या दशकात तयार केलेली गॉटिंगेन जात चाळीस किलोच्या आसपास राहते, त्यामुळे भूल देणं आणि सांभाळणं जमतं. आपल्याकडे अशा प्रयोगाला आधी नैतिकता समितीची मंजुरी लागते आणि ती लागायलाच हवी. जनावराला दुखतं, हे विसरून चालत नाही.

विट्याचा_बाप
दोघांचेही आभार. आईला वाचून दाखवलं. मॅडम, दाब सुटल्यावर अंकुर जागा होतो म्हणता, मग पोरीची दुधाची दाढ काढली तर खालची येईल का?

बालदंत_मिरज
नाही दादा, ती दाढ अजिबात काढू नका! तो दाब हाडात वाढणाऱ्या दुधाच्या दाताचा होता, आणि तुमच्या लेकीची दाढ केव्हाच वर आलेली आहे. शिवाय दाब सुटून जागा व्हायला मुळात अंकुर असावा लागतो. दाढ काढली तर तिथे नुसती फट पडेल आणि शेजारची मोठी दाढ पुढे कलेल.

अक्कलदाढ सोडली तर न येणाऱ्या दातांत हीच खालची दुसरी उपदाढ फार वेळा आढळते, त्यामुळे घाबरू नका. काही मुलांत तिचा अंकुर उशिरा दिसतो, म्हणून वर्षभराने पुन्हा एक्स-रे घ्या. तरीही नसेल, तर मुळं शाबूत असलेली दुधाची दाढ पंचविशी-तिशीपर्यंतही टिकू शकते. खाचांत सीलंट (कीड रोखणारा पातळ लेप) भरून घ्या, फ्लोराइडची पेस्ट वापरा, आणि दाढ शेजारच्या दातांपेक्षा खाली बसल्यासारखी वाटली तर लगेच दाखवा. पुढे फट दातांच्या तारांनी बंद करायची की मोठेपणी इम्प्लांट (हाडात बसवलेला कृत्रिम दात) बसवायचा, हे बारा-तेरा वर्षांची झाल्यावर ऑर्थोडॉन्टिस्टबरोबर (तारा लावणाऱ्या दंतवैद्याबरोबर) ठरवू.

दात उगवणाऱ्या औषधाची माणसांवरची पहिली चाचणी जपानमध्ये क्योटोत २०२४ मध्ये सुरू झाली. ती प्रौढ पुरुषांवर होती आणि आधी फक्त औषध सुरक्षित आहे का एवढंच तपासण्यासाठी होती. तिच्या भरवशावर आजचा कोणताही निर्णय घेऊ नका. ओपीजी जपून ठेवा, पुढच्या वर्षीच्या फोटोशी तोच ताडून बघायचा आहे.