मदत हवी आहे: मीरासारख्या ताऱ्यांचा वारा नक्की ढकलतं कोण?

नमस्कार मंडळी, मीरासारख्या म्हाताऱ्या रेड जायंट (फुगलेल्या तांबड्या) ताऱ्यांचं वस्तुमान वाऱ्याने, म्हणजे ताऱ्यातून सतत बाहेर वाहणाऱ्या गॅसने, उडून जातं इथपर्यंत कळलंय. आकडे बघून चाट पडायला होतं, सौरवाऱ्याने सूर्याचं अख्ख्या आयुष्यात काही बिघडत नाही आणि हे तारे शेवटी शेवटी लाखभर वर्षांत एका सूर्याएवढा माल उधळतात. पण सूर्याचा वारा तापलेल्या करोनामुळे (सूर्याभोवतीच्या अतितप्त बाह्य वातावरणामुळे) वाहतो, यांना तसा करोनाच नाही.

पुस्तकी उत्तर असं, की मीरा 332 दिवसांच्या चक्रात फुगते-आक्रसते, त्यात गॅस वर उचलला जातो, तिथे तापमान 1500 केल्विनच्या खाली गेलं की धूळ धरते, ताऱ्याचा प्रकाश धुळीला ढकलतो आणि धूळ गॅसला सोबत ओढून नेते. सी डब्ल्यू लिओनिससारख्या कार्बनवाल्या ताऱ्यांचं पटतं, काजळीच ती, प्रकाश गपकन शोषणार. पण मीरात ऑक्सिजन जास्त, म्हणजे धूळ सिलिकेटची (वाळू-दगडासारख्या खनिजांची). त्यात लोह असेल तर कण ताऱ्याजवळ तापून त्यांची वाफ होणार, आणि नसेल तर ते जवळच्या (दृश्य प्रकाशालगतच्या) इन्फ्रारेडला जवळपास पारदर्शक, आणि हे तारे तळपतात तेच मुळी त्या इन्फ्रारेडमध्ये! मग धक्का लागतो कशाला? जाणकारांनी प्रकाश टाकावा, समीकरणं असली तरी चालतील.

प्रतिसाद:
शंका रास्त आहे, मॉडेलवालेही इथेच अडले होते. तुम्ही फक्त शोषण धरताय. प्रकाश शोषला नाही, नुसता विखुरला तरी दिशा बदलते, म्हणजे कणाला धक्का बसतोच. अट एकच, कण प्रकाशाच्या तरंगलांबीच्या जवळपास जाईल इतका मोठा हवा. खगोलशास्त्रज्ञ सुझान होफनर यांनी 2008 मध्ये हे गणिताने दाखवलं, आणि 2012 मध्ये व्हीएलटीवरून (चिलीतली मोठी दुर्बीण) आर डोराडससारख्या ताऱ्यांजवळ साधारण 0.3 मायक्रॉनचे कण दिसले. शिवाय वाऱ्याला फार जोरही लागत नाही, सूर्यावर मुक्तिवेग (गुरुत्वातून सुटायला लागणारा वेग) सेकंदाला 618 किमी, इतक्या फुगलेल्या ताऱ्यावर चाळीसेक, आणि वारा निघतो तो दहाच्या आसपास वेगाने.

धागाकर्ता:
अरे वा, विखुरणं डोक्यातच आलं नव्हतं. मग काक्षीलाही (बीटलज्यूस) हेच लागू का?

प्रतिसाद:
सरळ नाही. त्याचं स्पंदन मीराइतकं जोरकस नाही. 2019-20 ला त्याचं तेज मंदावलं तेव्हा गॅसचा मोठा लोट बाहेर पडून त्यात धूळ धरली असं मानतात, पण रोजचा वारा कशाने सुटतो यावर अजून एकमत नाही. त्यासाठी वेगळा धागा काढा.