मदत हवी आहे: बाळंतपणातल्या भूलशास्त्रासाठी प्राध्यापकपद

राम राम मंडळी. आम्ही रावेरकडचे, केळीवाले. आम्हा भावंडांना आईच्या नावाने मोठी रक्कम दान करायची आहे, पण इमारतीला नाही. जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात बाळंतपणातल्या भूलशास्त्राचं प्राध्यापकपद उभं राहावं. मुद्दल तसंच ठेवून व्याजातून पगार निघावा. धडगावहून रक्तस्राव होत आलेल्या बाईचा रक्तदाब ढासळलेला असेल, तर मणक्यात भुलेची सुई देणं जिवावर बेतू शकतं. मणक्यात की पूर्ण भूल, हे मिनिटांत ठरवावं लागतं. ते शिकवणारं माणूस इथंच हवं.

सरकारी महाविद्यालयात खासगी निधीतून पद काढता येतं का? की नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाकडे जावं? आधी ट्रस्ट काढावा लागेल का? आयकर सवलतीची पावती कोण देतं? सीए किंवा महाविद्यालयातलं कुणी असेल तर कृपया सांगा.